काक्षी उद्या फुटत नाहीये, मावशी

परवा रात्री साडेअकराला मावशीचा फोन. "अरे, तो लाल तारा फुटणार म्हणे. पोरांना गच्चीवर जाऊ देऊ की नको?" पाठोपाठ मेसेज आला, 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का मिरवत. मजकूर थोडक्यात असा: मृग नक्षत्रातला काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, मंद झाला, म्हणजे त्याचं इंधन संपलं. तो 600 वर्षांपूर्वीच फुटलाय, नासाला माहीत आहे पण सांगत नाही. आता आकाशात दोन सूर्य दिसतील आणि त्या किरणांनी डोळे जातील.

मंद होण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. दिवा मिणमिणला की तेल संपलं, हा हिशेब इथे चालत नाही. काक्षी हा लाल महाराक्षसी, म्हणजे म्हातारपणी प्रचंड फुगलेला तारा आहे आणि तो रूपविकारी आहे. त्याचं तेज कमी-जास्त होतं हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1836 मध्येच हेरलं होतं. ताऱ्याचं बाहेरचं विरळ आवरण फुगतं, आक्रसतं. अशी एक फेरी साधारण 400 दिवसांची. तिच्यावर आणखी एक संथ लय स्वार झालेली आहे, सुमारे 2100 दिवसांची, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांची. समुद्राला रोजची भरती-ओहोटी असते आणि शिवाय उधाण-भांगाचा पंधरवडा असतो ना, तसंच काहीसं. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते.

2020 च्या सुरुवातीला या दोन्ही लयींचे तळ जवळपास एकाच सुमारास आले. त्या फेब्रुवारीत मी रोज बघत होतो. एरवी 0.5 प्रतीच्या आसपास असणारा तारा 1.6 पर्यंत उतरला. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद. हे उलटं आहे, पण माझा इलाज नाही.) एरवी शेजारच्या रोहिणी या ताऱ्यावर सहज मात करणारा काक्षी तिच्यापुढे चक्क फिका दिसत होता. मृगाच्या शेजारच्या पायाच्या ताऱ्याशी ताडून पाहिलं, तर दोघांत डावं-उजवं करता येईना.

पण एवढी घसरण नुसत्या लयींनी होत नाही. उत्तर 2021 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं. चिलीतल्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'ने टिपलेल्या प्रतिमांत ताऱ्याची फक्त दक्षिणेकडची बाजू काळवंडलेली दिसते, जणू अर्ध्या चेहऱ्यावर पदर ओढलाय. ताऱ्याने वायूचा एक लोट बाहेर टाकला होता, पृष्ठभागाचा तो भाग थोडा थंडावला आणि त्या वायूत धूळ धरली. ती धूळ नेमकी आपल्या नजरेच्या आड आली. इंधन जळतं गाभ्यात, आणि हा सगळा तमाशा चालला होता अगदी वरच्या थरात. पुढच्या काही महिन्यांत तारा सावरला, 2023 मध्ये तर नेहमीपेक्षा जास्त तळपला. संपलेलं इंधन कुणी परत भरलं म्हणायचं?

आता '600 वर्षांपूर्वीच फुटलाय, नासाला माहीत आहे'. अंतर साधारण 550 ते 700 प्रकाशवर्षं, म्हणजे तिथला प्रकाश इथे पोचायला तेवढी वर्षं लागतात, ते ठीक. पण प्रकाशापेक्षा वेगाने काहीच येत नसेल, तर नासाला हे कळलं कसं? तार आली? फुटल्याची बातमी घेऊन येणार तो प्रकाशच. फार तर न्यूट्रिनो कण काही तास आधी पोचतील, कारण ते गाभ्यातून थेट निसटतात. 1987 च्या सुपरनोव्हाच्या, म्हणजे ताऱ्याच्या महास्फोटाच्या वेळी तसंच झालं होतं. तास म्हणतोय मी, शतकं नव्हे.

दोन सूर्य? काक्षी खरंच फुटला तर फार तर चंद्राच्या तोडीचा ठिपका दिसेल, काही काळ दिवसाही. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. डोळे जाण्याचं तर सोडाच. सुपरनोव्हा पृथ्वीला बाधायला पन्नासेक प्रकाशवर्षांच्या आत असावा लागतो. हा त्याच्या दहापट तरी लांब आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. काक्षी कधीतरी फुटणार हे खरं आहे. 2023 मध्ये एका गटाने असंही मांडलं की ती लांब, सहा वर्षांची लय हेच ताऱ्याचं मूळ स्पंदन, म्हणजे फुगण्या-आक्रसण्याची मुख्य लय आहे, आणि तसं असेल तर स्फोट काही दशकांत होऊ शकतो. मेसेजवाल्याने बहुधा इथूनच धागा उचलला. पण त्यासाठी तारा मोजमापांत दिसतो त्याहून बराच मोठा मानावा लागतो, आणि इतरांनी लगेच त्यावर बोट ठेवलं. 2020 च्या एका अभ्यासात स्फोटाला अजून लाखभर वर्षं आहेत असा अंदाज आहे. त्या लांब लयीमागे एखादा जोडीदार तारा असावा, म्हणजे ती ताऱ्याचं स्वतःचं स्पंदन नसावी, असंही म्हटलं जात होतं. 2025 मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने काक्षीला अगदी खेटून असलेला तसा एक ठिपका टिपला.

राहिलं लपवाछपवीचं. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारी हौशी निरीक्षकांची अमेरिकेतली संघटना 1911 पासून चालू आहे, जगभरचे लोक तिथे आकडे पाठवतात आणि ते कुणालाही बघता येतात. मावशीला मी तोच काक्षीचा आलेख पाठवला. तिचं उत्तर आलं: "म्हणजे पोरांना पाठवते वर. पण ती रोहिणी कुठली, ते तू सांग त्यांना."