सोलापूरचं ऊन आणि आत्याची बादली

मे महिन्यात सोलापूरला कोण जातं का, असं मला घरातल्यांनी विचारलं, सोसायटीत विचारलं, एसटीत शेजारी बसलेल्या काकूंनीपण विचारलं. मी जायचे. 2004 पासून सलग 7 उन्हाळे मी मुद्दाम मे महिन्यातच सोलापूरला आलेय, आणि आता 15 वर्षांनी परत आलेय तर काल सकाळी विजापूर रोडला जे बघितलं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, मी कोल्हापूरची, 5000 आणि 10,000 मीटर पळायचे. नॅशनलला 4 वेळा गेले, 2011 ला गुडघ्यामुळं थांबले. आमच्या वेळी कॅम्पला सिलेक्ट झालेल्या मुली ऊटीला जायच्या. 2200 मीटर उंची, विरळ हवा, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, मग दम जास्त टिकतो, सगळं खरंय. पण त्यासाठी 3-4 आठवडे तिथं राहावं लागतं आणि तेवढे पैसे आमच्या घरात नव्हते. त्यात पहिल्या वर्षी स्पर्धा होती ती भर उन्हाळ्यात, गरम गावात. आमचे कोच, सर, म्हणाले, उन्हाळी गावात कुणी नातेवाईक आहे का तुझं? म्हणलं आत्या आहे, सोलापूरला. "झालं की मग."

तर सांगोला, मंगळवेढा करत एसटीनं उतरले तेव्हा 42 डिग्री होतं. आत्याचं घर पूर्व भागात, गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट दिवसभर, पहिल्या रात्री झोपच लागली नाही, नंतर नंतर तो आवाज बंद झाला की जाग यायची.

ऊन अंगात मुरवायची पण एक पद्धत असते, हे लोकांना माहीतच नाही. खरा सराव पहाटे 5 ला, गारव्यात. मग 9 च्या उन्हात फक्त 20-25 मिनिटं, एकदम हळू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडं वाढवायचं. दुपारी 1 ला पळायचं नाही म्हणजे नाही, सरांनी डायरीवर लाल पेननं लिहून दिलेलं. पहिल्या दिवशी हळू पळूनसुद्धा माझे ठोके 172, गळ्याला बोट लावून मोजलेले. नवव्या दिवशी तोच रस्ता, तोच वेग, ठोके 154. होतं काय, की पहिल्या 4-5 दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळं हृदयाला कमी धडधडावं लागतं. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं, शरीर मीठ धरून ठेवायला शिकतं. हे सगळं व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, आणि ऊन सोडलं की महिन्याभरात बरंचसं निघूनपण जातं. म्हणून दरवर्षी यावं लागायचं.

शेजारी सुताचं गोडाऊन होतं, तिथल्या मोठ्या वजनकाट्यावर मी पळायच्या आधी आणि नंतर उभी राहायचे. ते काका तेलुगूत कुणाला तरी काहीतरी सांगायचे आणि आकडा मला मराठीत. एका दिवशी 1 किलो 400 ग्रॅम कमी भरलं. म्हणजे जवळजवळ दीड लिटर पाणी अंगातून गेलं. आत्याला हे सांगितलं तर तिनं काही न बोलता आंबिलीचा तांब्या पुढं केला. ज्वारीची आंबील, ताक घातलेली, मीठ जरा जास्तच. आज दुकानात रंगीत बाटल्या मिळतात त्यात तरी वेगळं काय असतं, पाणी, मीठ आणि साखर. सोबत कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. मला आजही वाटतं की माझं 10,000 मीटरचं सगळ्यात चांगलं टायमिंग त्या आंबिलीवर आलंय.

आणि बादली. त्या गल्लीत नळाला पाणी 4-4 दिवसांनी यायचं. घरात सहा माणसं. तरी मी पळून आले की मोरीत एक बादली गार पाणी झाकून ठेवलेलं असायचं, माझ्यासाठी. आत्येभावानं एकदा त्यातून दोन तांबे घेतले तर आत्या त्याला अशी बोलली की मलाच लाज वाटली. आता आत्या 78 ची आहे, ऐकू कमी येतं. परवा पोचले तर पहिला प्रश्न, "पळायला जाणार का गं उद्या?" म्हणलं आता पळत नाही आत्या, चालते फक्त. काल चालून घरी आले तर मोरीत बादली भरलेली. मी तिथंच रडले.

आता कालचं. सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागले, कंबर तलाव मागं टाकून सोरेगावच्या बाजूला. तेव्हा पहाटे पळणारी मी एकटी असायचे, एसआरपी, म्हणजे राज्य राखीव पोलीस, त्यांच्या कॅम्पकडचे जवान दिसले तर दिसले. काल शंभरावर पोरंपोरी असतील. पोलीस भरतीची तयारी, मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. खेड्यातनं आलेली, चार जणांत एक खोली घेऊन राहणारी. बघून इतकं भरून आलं म्हणून सांगू.

पण साडेनऊ वाजले तरी पळतायत! परत येताना एक मुलगी दिसली, 19-20 ची, अंगात फुल जॅकेट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. पाय वाकडेतिकडे पडत होते. थांबवलं तिला, हात धरला तर कातडीवर काटा आलेला, भर उन्हात. कडुलिंबाखाली बसवलं, जॅकेट काढायला लावलं, माझ्याजवळचं पाणी मानेवर, डोक्यावर, काखेत ओतलं, ओढणीनं वारा घातला. 15 मिनिटांनी नीट बोलायला लागली. म्हणाली, "मॅडम, जॅकेट घातलं की वजन लवकर उतरतं. आणि पाणी प्यायलं की पाय जड होतात म्हणून सकाळपासून प्यायले नाही." कुणी सांगितलं? "सगळेच सांगतात."

सगळेच म्हणजे कोण? जॅकेटनं उतरतं ते पाणी उतरतं, चरबी नाही, संध्याकाळी तांब्याभर प्यायलं की परत तेवढंच भरतं. उन्हात काटा येणं, डोकं ठणकणं, बोलताना गडबड होणं ही थांबायची खूण आहे, आणि माणूस बरळायला लागला किंवा कोसळला तर आधी त्याला गार करायचं, मिळेल तेवढं पाणी ओतायचं, दवाखान्यात न्यायची गाडी येईपर्यंत ओतत राहायचं. भरतीच्या ग्राउंडवर पोरं कोसळल्याच्या, जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पुढं सरकतो. 2019 ला दोहाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये बायकांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली होती, तरी उकाड्यानं 68 जणींतल्या 28 जणींना शर्यत सोडावी लागली. जगातल्या नामी धावपटू त्या, पाठीशी डॉक्टर, बर्फ, सगळं. आणि ही पोर बिन पाण्याची, जॅकेट घालून.

मला राग त्या पोरांचा नाही येत. मला सर होते, लाल पेन होता, काट्यावर आकडा वाचणारे काका होते, बादली राखणारी आत्या होती, म्हणून या उन्हानं माझं भलं केलं. ऊन तेच आहे. या पोरांच्या पाठीशी कोण आहे? आणि ही साधी पोरं नाहीत हो. ललिता बाबर माणमधल्या मोहीची, रिओ ऑलिम्पिकला 2016 ला स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीची, फायनल पळून दहावी आली. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातला, त्यानं त्याच शर्यतीत 2022 ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थचं सिल्व्हर घेतलं. दोघंपण आपल्याच दुष्काळी पट्ट्यातली. ऊटीची उंची आपल्याकडं नाही पण हे ऊन आहे, आणि ते नीट वापरायला शिकवणारी माझ्यासारखी थांबलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत, घरात बसलीयत. मीपण बसलेच होते की 15 वर्षं. ते चुकलंच माझं.

परवाचं परतीचं रिझर्वेशन रद्द केलंय. 12 दिवस राहतेय, आत्या खूश आहे. उद्यापासून पहाटे 5 ला त्याच कडुलिंबापाशी असेन, कंबर तलावाच्या पुढं, सोरेगावकडं जाताना डाव्या हाताला. 6 पर्यंत खरा सराव, पुढचं अंगाला ऊन लावायचं ते मी सांगेन तसं आणि तेवढंच. वजनकाट्याचं बघते कुठनं तरी. कालची ती पोर येते म्हणालीय, दोघी मैत्रिणींना घेऊन. सोलापुरातल्या जुन्या खेळाडूंपैकी कुणाला सकाळी तासभर जमणार असेल तर तुम्हीपण या, एकटीला शंभर जण बघणं होणार नाही. पोरांनो, पाण्याची बाटली आणि चिमूटभर मीठ आणा. जॅकेट खोलीवर ठेवा.