‘पलतडचो मुनिस’ हा कोकणी सिनेमा कुणी पाहिलाय का?

गोव्याचा सिनेमा म्हटलं की बाहेरच्यांना बीच नि चर्चच दिसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही दुसरं काही दाखवायचं सुचत नाही. म्हणून म्हणतो, एकदा हा बघाच. लक्ष्मीकांत शेटगांवकरचा, २००९चा, महाबळेश्वर सैलांच्या ‘अदृष्ट’ कादंबरीवरचा. टोरंटोच्या फेस्टिव्हलला फिप्रेस्की, म्हणजे समीक्षकांचं अवॉर्ड मिळालं, कोकणीचं नॅशनल अवॉर्ड मिळालं, आणि गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात, जिथे घाटातलं जंगल दारात येऊन टेकलंय, तिथे विचारा, लोक म्हणतात कुठला रे हा?

गोष्ट एवढीशी. बायको वारलेला विनायक फॉरेस्ट खात्यातला, जंगलात एकटाच राहतो. एक वेडी बाई भटकत येते, तो तिला आसरा देतो, पुढे ती गरोदर राहते नि गाव खवळतं. आणि तेच गाव तिकडे जंगलात देऊळ उभं करतंय, ते मात्र चालतं!

बरेच जण याला लव्हस्टोरी म्हणतात. मला नाही पटत. आपल्याकडे नवीन माणूस दिसला की पहिला प्रश्न काय, खंयचो रे तूं, म्हणजे कुठला रे तू? मग बाप कोण, वाडा कुठला, कुळदेव कुठला. विनायक सरकारी माणूस म्हणून त्याला कसंबसं खपवून घेतात, पण या बाईकडे यातल्या एकाचंही उत्तर नाही, आणि तो तिला घरात घेतो, हाच त्याचा गुन्हा. पोर वगैरे नंतरचं.

एक गोष्ट मात्र मला खटकतेच. जिचं डोकं ठिकाणावर नाही तिची मर्जी कशी धरायची? पिक्चर विनायकच्या एकटेपणात इतका रमतो की हा प्रश्न नीट विचारतच नाही. वीणा जामकर भारी आहे, केस मोकळे सोडून खदाखदा हसणारी नाटकातली वेडी नाही केलीय तिने, पण म्हणूनच तर तिच्या बाजूने अजून थोडं बघायला हवं होतं. विनायक झालेल्या चित्तरंजन गिरीबद्दल तक्रारच नाही, गप्प बसूनही तो माणूस बोलतो.

आणि आपले गोव्यातले मराठीवाले ‘कोकणी आहे’ म्हणून सोडणार असतील तर कमाल आहे बाबा, घरात रोज काय बोलतो आपण?

आमच्या सत्तरीतल्या वाळपईत कुणी स्क्रीनिंग लावणार असेल तर खुर्च्या मांडायला मी येतो. फक्त नंतरच्या चर्चेला देवस्थान कमिटीतले चार जण नक्की बोलवा.