सुपरहिरोच्या बारशाला जेवलेल्यांसाठी

नव्या सुपरहिरोंवर चिडायचं असेल तर सगळ्यात आधी पथ्य सांगतो: कॉमिक वाचायचं नाही. एकदा का वाचलं, की माणूस भलतीकडेच गुंततो. गोष्ट ठीक होती, मधली पानं जरा रेंगाळली, तो चष्मेवाला पोरगा मजेशीर आहे, अशी फुटकळ मतं तयार होतात आणि फुटकळ मतांतून खणखणीत संताप काही उभा राहत नाही. म्हणून फक्त बातमी वाचा, तीही मथळ्यापुरती. सुपरहिरोंची नवी टोळी येतेय, सगळी कॉलेजच्या वयाची, मुली जास्त, एक मुसलमान, एक कृष्णवर्णीय, एक जण स्वतःला मुलगा म्हणवत नाही की मुलगी. बास. डोंबिवलीहून फास्ट पकडलीत तर ठाण्यापर्यंत मत तयार होतं आणि दादरला उतरेपर्यंत ते आयुष्यभराचं झालेलं असतं.

न वाचता कसं जमेल, अशी शंका येत असेल तर धीर धरा. याहून मोठा पराक्रम लोकांनी करून ठेवलाय. 2020 च्या मार्चमध्ये मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीनं ‘न्यू वॉरियर्स’ हे जुनंच नाव घेऊन नवं कॉमिक जाहीर केलं. त्यात स्नोफ्लेक आणि सेफस्पेस नावाची जुळी भावंडं होती. स्नोफ्लेक ही खरं तर हळव्या तरुणांना हिणवायला वापरतात ती शिवी. ती मिरवायचीच म्हणून नाव ठेवलं, असा त्यामागचा विचार. सेफस्पेस म्हणजे कुणी दुखावणार नाही अशी सुरक्षित जागा. सोबत पाठीवरच्या जादूच्या दप्तरातून काय वाट्टेल ते काढणारी एक जाडजूड मुलगी, आणि डोक्यात सतत इंटरनेट चालू असलेला एक मुलगा. अंक 15 एप्रिलला यायचा होता. मार्च सरता सरता करोनामुळं तिकडे नव्या कॉमिकांचं वितरणच थांबलं आणि पुढं तो अंक कधी निघालाच नाही. आजतागायत नाही. पण तोवर लोकांचं चिडून, हसून, निषेध करून, निषेधाचा निषेध करून झालं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही आपली म्हण. तिची इतकी शिस्तशीर अंमलबजावणी आपल्यालाही कधी जमली नव्हती.

आता आपसांत म्हणून सांगतो, ती नावं मलाही भयंकर वाटली. ज्यांना खूश करायला ठेवली होती त्यांच्यातल्याही कित्येकांनी कपाळाला हात लावला. आपल्याकडे जुळ्यांची नावं ‘नाजूक’ आणि ‘सांभाळून घ्या’ ठेवण्यातला प्रकार तो. पण त्या सेफस्पेसची शक्ती ऐका. तो गुलाबी कवच उभं करू शकतो, मात्र फक्त दुसऱ्यासाठी. स्वतः त्यात बसता येत नाही. म्हणजे उलट्या दिशेनं गाडीत बसून येऊन आपल्यासाठी खिडकी धरणारा आणि स्वतः घाटकोपरपर्यंत उभा राहणारा जो एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, तो. त्याची गोष्ट मी तरी वाचली असती. असो. असले विचार मनात येऊ देऊ नका, म्हणून तर पथ्य.

दुसरी गोष्ट ज्येष्ठतेची. समोरचा पोरगा काही बोलायच्या आत त्याला सांगून टाका, की मी सुपरहिरोंच्या बारशाला जेवलोय. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या अंकांच्या गठ्ठ्यासमोर उकिडवं बसून, बोटं काळी करून घेऊन, आपण इंद्रजाल कॉमिक्स शोधलीत. 1964 ते 1990, उणीपुरी सव्वीस वर्षं. वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम), मँड्रेक, बहादूर. ‘आमचा वेताळ’ म्हणताना आवाज जरासा घोगरा झाला तर उत्तम.

फक्त वेताळाबद्दल फार तपशिलात शिरू नका. कारण आमचा वेताळ हा एकविसावा वेताळ. 1536 पासून बाप गेला की मुलगा तोच जांभळा वेष चढवतो आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे. म्हणजे ज्या हिरोची अख्खी कथाच मुखवट्याखालचा माणूस बदलण्याची, त्याच्यावर पोसलेले आपण ‘मुखवट्याखालचा माणूस बदललाच कसा’ म्हणून भांडायला निघालोय. त्यातून कुणा आगाऊ पोरानं सतराव्या वेताळाची बहीण ज्युली काढली, जी भावाच्या जागी काही काळ स्वतः वेताळ होऊन फिरली, तर ‘चल, स्टेशन आलं’ म्हणून उठा. स्टेशन आलेलं नसलं तरी उठा. मुंबईत स्टेशन येण्याच्या आधी उठणारा माणूस संशयास्पद वाटत नाही.

तिसरं म्हणजे शोक. 2011 साली माइल्स मोरालेस हा ब्रुकलिनचा, कृष्णवर्णीय बापाचा आणि पोर्तोरिकन आईचा मुलगा स्पायडरमॅन झाला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर एकानं ‘आपल्या पीटरला मारला रे’ म्हणून अक्षरशः चहा टाकला. मेला होता तो समांतर विश्वातला पीटर. मूळ मालिकेतला पीटर पार्कर त्याही महिन्यात भिंतीवर चढत होता, पुढच्या महिन्यातही चढला, अजून चढतोय. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणायची आपली रीत. इथं म्हातारी धडधाकट आहे आणि आपण तेराव्याचा स्वयंपाक मांडून बसलोय. पण पानं वाढलीच आहेत तर जेवून घ्या.

पीटरचा विषय निघालाच आहे तर त्याच्या बारशाचं प्रकरण मात्र झाकून ठेवा. 1962 मध्ये हा शाळकरी पोरगा हिरो म्हणून पुढं आणला तेव्हा खुद्द प्रकाशकानंच नाक मुरडलं होतं, असं त्याचा लेखक स्टॅन ली पुढं आयुष्यभर सांगत राहिला. एक तर लोकांना कोळी आवडत नाहीत, आणि दुसरं, मिसरूड न फुटलेली पोरं हिरोच्या मागं पिशव्या धरायला असतात, ती हिरो कशी होतील? (पहिलं वाक्य जसंच्या तसं वरळी कोळीवाड्यात जाऊन म्हणून बघा. मी बाहेर रिक्षा थांबवून ठेवतो. वरळीत रिक्षा नसते, हे तुम्हाला माहीत असेलच.) म्हणजे ‘आमचा खरा, मुरलेला, मूळचा’ हिरोसुद्धा कुणाच्या तरी दृष्टीनं नव्या पिढीला लाडावून ठेवणारं खूळच होता.

यावर उपाय सोपा आहे. आपण दहा वर्षांचे असेपर्यंत जे झालं ती परंपरा, त्यानंतर जे झालं तो आपल्यावर झालेला अन्याय. 1975 साली मार्व्हलच्याच एक्स-मेन या टोळीत केनियाची स्टॉर्म, रशियाचा कोलॉसस, जर्मनीचा नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरीन, असे एका झटक्यात सगळ्या जगातून गोळा करून आणले. ती परंपरा. तेव्हा कुणी ‘कोटा भरला’ म्हटलं नाही, निदान आपण तरी म्हटलं नाही, कारण आपण तेव्हा गोट्या खेळत होतो. ‘कॉमिकमध्ये राजकारण नको’ हे वाक्यही असंच वापरायचं, पण वापरताना पाठीमागे कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ टांगलेलं नाही ना, एवढं बघून घ्या. त्यावर तो हिटलरच्या थोबाडीत ठेवून देतोय आणि अंकावर महिना आहे मार्च 1941. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा नऊ महिने होते. काढणारे सायमन आणि कर्बी, दोघं ज्यू घरांतले. त्यांना नुसती मारामारीची हौस होती असं समजून चाला.

एक वेळ अशी येते, की समोरचा म्हणतो, मग आपला देशी हिरो आणू या ना! इथं सावध राहा, ही फसवणूक आहे. कारण तोही आणून झालाय, आणि चक्क मुंबईत. 2004 मध्ये भारतात स्पायडरमॅनचा देशी अवतार निघाला. गावाकडून शिकायला मुंबईत आलेला पवित्र प्रभाकर, मायाकाकू आणि भीमकाका, योग्यानं दिलेली शक्ती, वर जाळ्याचा अंगरखा आणि खाली धोतर. आपण खूश व्हायला हवं होतं. झालो का? आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न आला, ‘प्रभाकर हे काय आडनाव आहे? मूळ गाव कुठलं?’ मग धोतराचा काष्टा उंच इमारतीवर अडकणार नाही का, यावर अर्धा तास. मे महिन्यात मुंबईच्या घामट हवेत पायापासून डोक्यापर्यंत लाल-निळा घट्ट कपडा घालून फिरण्यापेक्षा धोतर किती शहाणपणाचं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पीटरच्या प्रेयसीची, मेरी जेनची, झाली होती मीरा जैन. ते वाचून एका मित्राला काळजी पडली, ती पोराच्या लग्नानंतरच्या बोंबलांची. 2023 मध्ये हाच पवित्र पडद्यावर आला, सिनेमा मराठीतही डब होऊन आला. तेव्हा आम्ही मराठी न बघता मराठी कसं नीट नसणार, यावर बोललो. हे तंत्र लक्षात ठेवा: परका असला तर ‘आपला का नाही’, आपला असला तर ‘असा का’.

कौतुक करणाऱ्यांनी फार हुरळून जाऊ नये, त्यांच्यासाठीही हाच धडा आहे. त्यांनाही वाचायचं कारण नसतं. मुखपृष्ठाचा फोटो लावून ‘काळाची गरज’ असं लिहिलं की झालं. अंक विकत घ्यायची वेळ आली की हीच मंडळी ‘पीडीएफ आहे का रे कुणाकडे’ म्हणून विचारतात.

इतकं सगळं पाळूनही एका ठिकाणी धोका उरतो, तो म्हणजे घरातली मुलं. माझंच सांगतो. गेल्या दिवाळीत मुलुंडला ताईकडे गेलो तर भाची दिवाणावर पालथी पडून कमला खानचं पुस्तक वाचत होती. कमला खान, जर्सी सिटीची पाकिस्तानी घरातली मुलगी, 2014 पासून मिस मार्व्हल. माझं मत अर्थातच तयार होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाची म्हणाली, ‘मामा, हे बघ ना, ही दुकानात उभी राहून नुसता वास घेतेय.’ बघितलं. पहिल्याच पानावर पोरगी काउंटरवरच्या डुकराच्या मांसाच्या सँडविचवर वाकून हुंगत होती, खायचं नाही म्हणून. भाची मला कोपरानं ढोसत म्हणाली, ‘संकष्टीला मी त्या भुर्जीच्या गाडीपाशी अशीच उभी असते. आईला सांगू नको हं.’ मी मत गिळलं.

पुढची पानं तिनं मला जबरदस्तीनं दाखवली. वडील पार्टीला जाऊ देत नाहीत, ही चोरून जाते, धुक्यात सापडते. आणि शक्ती मिळाल्यावर ही पोरगी आधी होते काय, तर सोनेरी केसांची, गोरीपान, जुनी मिस मार्व्हल. जी भिंतीवरच्या पोस्टरवर होती तीच. मग केस डोळ्यांवर येतात, बूट चावतात, कपडा नको तिथं रुततो. पुढं कधीतरी ती पोहायच्या बुरकिनीतून आपला वेष करून घेते. मी म्हटलं, ‘हे पाकिस्तानचं खूळ आपल्याला कशाला?’ तर भाचीनं कुठून तरी दुसरा भाग काढला. त्यात 1947 ची मुंबई होती आणि तीतून कराचीला निघालेलं कमलाच्या पणजीचं घर. ‘मामा, ही तर तुझ्यापेक्षा जुनी मुंबईकर निघाली. आपण कुडाळहून कधी आलो?’

या वयाच्या मुलांशी वाद घालू नये. मी ठेवणीतलं वाक्य काढलं, तुम्हीही शेवटी हेच काढा, याला उत्तर नाही: ‘आमच्या लहानपणी आम्हाला कुठं लागला आमच्यासारखा दिसणारा हिरो? गिरगावच्या चाळीत सगळी पोरं वेताळ व्हायची. कुणी तक्रार केली नाही.’

फराळाचं ताट घेऊन ताई आत आली ती हसतच. ‘अगं, विचार ना त्याला वेताळ कसा व्हायचा ते. माझा जांभळा परकर कंबरेला, आणि आईचा पावडरचा अख्खा डबा. तोंडाला, हातांना, पोटऱ्यांना फासायचा. जिन्यात पांढरी पावलं उठायची. वेताळ गोरा असतो म्हणे! आईनं मारलं होतं ना रे तुला, डबा संपवलास म्हणून?’

भाचीनं पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि माझ्याकडे बघत बसली. अशा वेळी काय करायचं तेही सांगून ठेवतो. चकली मोडायची, मोठा तुकडा तोंडात घालायचा आणि चहात साखर कमी आहे म्हणायचं.