निकाल लागायचा आहे

बेळगावात ‘निकाल’ हा शब्द जपून वापरावा लागतो. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्या रविवारी पहाटे सायकल बाहेर काढताना मी शेजारच्या काकांना सहज म्हणालो, “दुपारपर्यंत निकाल लागेल,” तर ते हातातला पेपर टाकून उठलेच. “कुणी सांगितलं?” सायकलच्या शर्यतीचा, म्हटल्यावर पुन्हा बसले. माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, “मग तो लागलेलाच आहे की.”

शर्यत तशी घरगुतीच. हिंडलग्यावरून वेंगुर्ला रोडनं शिनोळी, तिथं वळसा आणि परत. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. पण शिनोळी महाराष्ट्रात असल्यामुळे ऑफिसात मी ‘आंतरराज्य स्पर्धा’ असंच सांगितलं होतं. खोटं एका अक्षराचंही नाही.

तयारी मी मनापासून केली. शर्यतीच्या आदल्या दिवशी अंगात पिष्ट साठवावं, म्हणजे पाय लवकर संपत नाहीत, असं वाचलं होतं. परदेशात त्यासाठी म्हणे शेवया-बिवया उकडून खातात. आमच्याकडे मांडे आहेत. बाकीच्या गावांतले लोक मनातल्या मनात मांडे खातात, बेळगावकर ताटात घेऊन खातो. मी चार खाल्ले. वर कुंदा. त्या साठ्यावर मी गोव्यापर्यंत जायला हवा होतो.

सायकल एकवीस गिअरची. त्यातले तीन माझ्या ओळखीचे, बाकीच्यांशी नुसता नमस्कार. टायर जाडजूड, डोंगरात चालवायचे. शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या सायकलीचं चाक माझ्या अंगठ्याएवढं रुंद होतं आणि सायकल त्यानं एका बोटावर उचलून दाखवली. माझी उचलायला मला बायको लागते.

शिट्टी झाली. सायकलिंगचं एक शास्त्र आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून शहाणा माणूस दुसऱ्याच्या पाठीला चिकटून चालवतो. पुढचा हवा फोडतो, मागच्याची ताकद चांगलीच वाचते. मी ठरवलं होतं, घोळक्यात शिरायचं आणि फुकटात शिनोळी गाठायची. घोळक्यात शिरलो. घोळका माझ्यातून आरपार निघून गेला. पाचशे मीटरवर माझ्यापुढे नुसती हवा होती, आणि ती मलाच फोडायची होती.

हवा म्हणजे कसली! ऑगस्टचा महिना, पश्चिमेचा वारा घाट चढून थेट तोंडावर. शिनोळीही पश्चिमेलाच. हिंडलगा येईपर्यंत छातीचा भाता झाला होता. आमच्याकडे ‘हिंडलग्याला गेलो होतो’ असं कुणी मोठ्यानं सांगत नाही, कारण तिथं जेल आहे. त्या दिवशी मला वाटलं, आतल्या माणसांना निदान सावलीत बसवतात.

चौकात एक पोलीस उभे होते. माझा आवेश बघून त्यांनी दोन्ही हात खाली दाबत कळकळीनं सांगितलं, “निधाना होगरी, निधाना!” सावकाश जा. त्या दिवशी मला मिळालेली ही एकमेव सूचना, जी मी शेवटपर्यंत पाळली.

सुळग्यात आमच्या आत्तीचं घर अगदी रस्त्यावर. तिला कुणीतरी आधीच कळवलं होतं. ती डोक्यावर इरलं घेऊन दारात.

“काय करूलालास रे हे, या वयात? भिजलास की पार! चा घे.”

“आत्ती, रेस आहे.”

“असूदे की. रेस काय पळून जातीय?”

जात होती खरं तर. पण आत्तीच्या दारावरून चहा न घेता गेलेला माणूस पुढच्या लग्नकार्यात कुठल्या तोंडानं जेवायला बसणार? अर्धा कप घेतला. सोबत चकली आली. चकलीसोबत चुलतभावाच्या जमिनीचं प्रकरण आलं.

उचगाव फाट्याच्या पुढं मला एक पोरगा भेटला. कर्नाटक सरकारनं 2006-07 पासून आठवीच्या पोरांना फुकट सायकली वाटल्या, त्यातलीच एक, बहुधा थोरल्या भावाची उतरलेली. हँडलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. मी शास्त्र आठवून त्याच्या पाठीला चिकटलो आणि काय सांगू, खरंच वारा लागेना! पण तो दर चार घरांनी दूध घालायला थांबायचा. मी पुढं जायचो, तो पुन्हा मला गाठून पुढं जायचा. तिसऱ्यांदा त्यानं वळून बघितलं.

“मामा, रेस मघाशीच गेली की. तुम्ही त्यांचं सामान घेऊन चाललाय काय?”

बाचीच्या पुढं सीमा ओलांडली. ज्या रेघेपायी आमच्या दोन पिढ्यांचे गळे बसले, ती चिखलात दिसलीसुद्धा नाही. भातं इकडंही तेवढीच हिरवी, खड्डेही तितकेच खोल. शिनोळीच्या वळणावर स्वयंसेवकानं केळं दिलं. “आता वारा पाठीशी आहे, काका,” तो म्हणाला. वारा आला खरा, पण पाय गेले होते. चार मांडे नेमके कुठं साठवले होते, त्याचा शरीराला पत्ता लागेना. येताना आत्तीच्या घरावरून मान खाली घालून गेलो. तिनं हाक मारलीच.

शेवटच्या रेषेवर पोचलो तेव्हा दोन माणसं शिडीवर होती. “जरा बाजूनं जावा हं, कमान उतरूलालोय.” मी कमानीच्या अर्ध्या भागाखालून शर्यत पूर्ण केली. वेळ टिपणारे गृहस्थ नाष्ट्याला गेले होते.

संध्याकाळी मोबाईलवर यादी आली. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, ‘अनुपस्थित’. चकली खाताना आत्तीनं काढलेला फोटो जोडून मी संयोजकांना रीतसर अर्ज केलाय. त्यांनी कळवलं, पुढच्या बैठकीत बघू.

काका आता रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, “काय, निकाल?”

मी सांगतो, “तारीख पडलीय.”