छत्री गोठ्यात ठेवली, पण लहरी कुठे गेल्या?

गेल्या आठवड्यात कराडजवळच्या गावाहून आत्याचा फोन आला. घरावरची टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, उतरवून गोठ्यात ठेवली म्हणाली. कारण गावाच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: डिशमधून घरात किरण सुटतात, पोटातल्या बाळाला घातक, सेटटॉप बॉक्समध्ये कॅमेरा असतो, आणि डिजिटल टीव्ही हा नुसता पैसे उकळायचा डाव आहे. वहिनीला सातवा महिना आहे, ती घाबरणारच. पण असला मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी क्षणभर तरी विचार करायला हवा होता.

पहिला मुद्दा धादांत खोटा आहे. छत्री किरण सोडत नाही, वरून आलेले गोळा करते. आत्याकडे डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत सेवा आहे. तिचे चॅनल जीसॅट-१५ वरून येतात आणि इस्रोचा हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. एवढी एकच गोष्ट पुरे. तिथून निघालेली लहर देशभर पसरत येते. खाली पोचेपर्यंत ती इतकी क्षीण होते की खोलगट पत्र्याने एका ठिकाणी आणून एलएनबीने, म्हणजे छत्रीपुढच्या छोट्या यंत्राने, वाढवावी लागते. मृगाची जोरदार सर आली की चित्र फुटतं, ते म्हणूनच. आणि छत्री असो वा नसो, ती लहर पडतेच: आत्याच्या कौलांवर, शेजारच्या उसावर, गावच्या दवाखान्यावरही. छत्री काढून वहिनीचं कसलंच रक्षण झालं नाही. आत्याच्या सह्याद्रीवरच्या बातम्या तेवढ्या बुडाल्या.

कॅमेऱ्याचं म्हणाल, तर कोणतं चॅनल लागलंय ते कळवणारी चिप नव्या बॉक्समध्ये बसवायचा सरकारी प्रस्ताव २०१८ मध्ये चर्चेत होता. पण चिप म्हणजे कॅमेरा नव्हे. आत्याच्या बॉक्सला तर नेटही नाही. तो बाहेर काय पाठवणार?

पैशांबद्दल थोडं मान्य करावं लागेल. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबलला बॉक्स सक्तीचा झाला, मग टप्प्याटप्प्याने गावोगाव. फेब्रुवारी २०१९ पासून तर पैशाचं एकही चॅनल न घेता १३० रुपये अधिक कर द्यायची वेळ आली. लोक चिडले, त्यात चूक नव्हती. पण ते केबलचं आणि खासगी डीटीएचचं. फ्री डिशला २००४ पासून महिन्याचा रुपया लागत नाही, आणि आत्याचा जुना डबा टीव्हीसुद्धा लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीवर चालतो.

रविवारी मी जातोय. छत्रीचं तोंड पुन्हा आग्नेयेला करून देईन. वहिनीशी मात्र समोर बसून बोलायचंय. फोनवर तिचा आवाज कापत होता.