आरती समर्थांची, पण रेकॉर्डिंग कुणाचं?

दुसऱ्याचं रेकॉर्डिंग परवानगीशिवाय वापरणं ही चोरी, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं : चाळीच्या गणपतीच्या व्हिडिओला जेमतेम दहा सेकंद आरती लावली, खाली गायकांचं नाव दिलं, एक पैसा कमावला नाही, तरी यूट्यूबवर रेकॉर्ड कंपनीचा कॉपीराइट क्लेम (हक्काचा दावा) आला. आरती समर्थांची, तिच्यावर कंपनीची मालकी कसली? आणि मी मात्र कंपन्यांची वकिली करून हौशी पोरांना चोर ठरवतो.

‘चोरी’ हा शब्द मी वापरायला नको होता. तो मागे घेतो. बाकीच्या म्हणण्यावर मात्र ठाम आहे.

समर्थ जाऊन तीनशेहून अधिक वर्षं झाली. त्यांचे शब्द सगळ्यांचे, परंपरेनं आलेली चालही सगळ्यांची. पण तुम्ही लावलंत ते रेकॉर्डिंग. त्यात कुणीतरी गायलं, कुणी वाद्यमेळ बांधला, कुणी स्टुडिओचं भाडं भरलं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचे हक्क त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे गीतकार गदिमा १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव. संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ साली गेले, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. ध्वनिमुद्रिका कितीही जुनी असो, तोवर हे दोन हक्क उरतातच.

दहा सेकंदांची सूट कायद्यात कुठेच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षा, बातमी, खाजगी वापर यांना सवलत आहे, पण तिथे सेकंद मोजलेले नाहीत. त्याच कलमात धार्मिक समारंभात गाणं वाजवायला मोकळीक आहे, लग्नाची वरातसुद्धा त्यात येते. म्हणून मांडवात तुम्ही आरती लावलीत त्याला कुणी हरकत घेणार नाही. तीच व्हिडिओला जोडून जगभर दाखवणं ही निराळी गोष्ट. आणि नाव देणं हा सभ्यपणा झाला, परवानगी नव्हे.

आता कंपन्यांच्या वकिलीबद्दल. माझे मामा ताडदेवला रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवायचे. शिफ्ट संपली की हातात पैसे, आणि विषय संपला. ती गाणी पुढे रोज रेडिओवर लागायची, मामा रेडिओचा आवाज वाढवून आपला तुकडा आम्हाला ऐकवायचे. त्या वाजण्याचा एक रुपया घरी आला नाही. या कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येईनासा झाला. कलाकारांनाही व्यावसायिक वापरातला वाटा कायद्यानं मान्य केला. मामांना उशीर झाला होता. तो वाटा नीट पोचतो का, हे कंपन्यांना विचारायलाच हवं, आणि मी विचारतोही. पण आपण फुकट वापरलं तर वाटायलाच काही उरत नाही.

एका बाबतीत तुमचा राग अगदी रास्त आहे. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या व्हिडिओत चाळीतल्या बायकांनी टाळ-झांजांवर स्वतः आरती म्हटली होती, तरी क्लेम आला. हा सरळ अन्याय आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते. सूर आणि लय सारखी आली की ती फसू शकते. तो क्लेम मान्य करू नका, डिस्प्यूट करा, म्हणजे यूट्यूबवरच हरकत नोंदवा. पारंपरिक रचना, स्वतःचं गायन, एवढं साध्या शब्दांत लिहा. उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस असतात. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनेलला मिळणारी ताकीद) नव्हे, एवढ्यानं चॅनेल जात नाही. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर मात्र जातं, आणि चुकीच्या डिस्प्यूटमधून स्ट्राइक येऊ शकतो, म्हणून डिस्प्यूट फक्त या दुसऱ्या व्हिडिओसाठी करा. पहिल्यातलं रेकॉर्डिंग काढून तिथेही बायकांचाच आवाज लावा. मला तो जास्त आवडला, ‘दर्शनमात्रे’ला सगळ्या जणी एकदम वर जातात तो भाग तर फारच.

डिस्प्यूटचा मजकूर अडला तर इथेच लिहा, मिळून करू.