पहिलं पुष्पचक्र वीरमातेचंच

प्रमुख पाहुणा हा प्रकार आमच्या कार्यक्रमांतून कायमचा बंद झाला पाहिजे. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेच्या बैठकीत मी हे उभं राहून बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या, "बरोबर आहे तुमचं" म्हणाले, आणि पुढचा विषय निघाला तो "मग यंदा पाहुणे कोण बोलवायचे?" हाच. म्हणून आता लिहून काढतोय. वाईट वाटलं तर वाटू दे.

26 जुलैचंच घ्या. कारगिल विजय दिवस. 1999 साली त्या डोंगरांवर आपले 527 जवान गेले. आपल्या भागातून गेलेल्यांच्या घरी आजही त्या दिवशी चूल उशिरा पेटते. कार्यक्रमाची वेळ पत्रिकेत सकाळी साडेआठची छापलेली. फौजी माणूस साडेआठ म्हटलं की सव्वाआठला फॉलिन, म्हणजे रांगेत उभा, असतो. आमची माणसं ब्लेझर घालून, मेडल लावून, बेरेट नीट बसवून जवानांच्या स्मृतिस्तंभासमोर उभी होती. वीरमाता, वीरपत्नी लांबच्या गावांहून पहिल्या एसटीने आलेल्या. जुलैचा पाऊस, मंडपाचं कापड ठिकठिकाणी गळतंय, खुर्च्या ओल्या. शाळेची मुलं आणि एनसीसीचे कॅडेट भिजत उभे. आणि माईकवरून काय चाललंय? "साहेब निघालेत, दहाच मिनिटांत पोचतायत."

अकरा वाजले! तोवर ती मुलं उभी, त्या आया उभ्या. मी दोनदा म्हणालो, सुरू करा, साहेब आले की येतील. मला सांगण्यात आलं, "सुभेदार, जरा समजून घ्या, त्यांच्याच फंडातून स्तंभाला फरशी बसलीय." म्हणजे फरशी बसवली म्हणून श्रद्धांजलीही त्यांच्या सवडीने वाहायची?

गाड्या आल्या. पन्नासएक कार्यकर्ते उतरले ते थेट चौथऱ्यावर, बुटांसकट. आम्ही वर्षानुवर्षं त्या चौथऱ्यावर चप्पल काढून चढतो. पुष्पचक्रं रांगेत लावून ठेवली होती आणि आमचा क्रम ठरलेला आहे: आधी वीरमाता-वीरपिता, मग वीरपत्नी आणि मुलं, मग माजी सैनिक, आणि मग बाकी सगळे. त्या क्रमाचा कागद सूत्रसंचालकाच्या हातात मी स्वतः दिला होता. त्याने तो खिशात घातला आणि साहेबांचं नाव पुकारलं. त्यांच्यामागे दुसऱ्या गटाचे नेते, त्यांच्यामागे तिसरे, मग फोटोसाठी ढकलाढकली. सत्तरी ओलांडलेली एक वीरमाता हातात फुलं धरून बाजूला उभी. कुणाचा तरी कोपर तिला लागला. तिचा मुलगा तिथे दगडावर कोरलेला आहे आणि तिला म्हणतायत, "आजी, जरा मागे सरका, फोटोत येताय."

हे ऐकलं आणि माझं डोकं फुटायची वेळ आली. फोटोत येताय! अरे, तिच्यामुळे तुम्ही तिथे आहात. तिचा मुलगा गेला नसता तर हा स्तंभ नसता, हा दिवस नसता, आणि तुमच्या मोबाईलमध्ये टाकायला हा फोटोही नसता.

मग दोन मिनिटं स्तब्धता. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पोलीस बँडचा बिगुलर मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला होता, पाठपुरावा केला होता. तो बिचारा वेळेवर आला, पण दुपारी त्याची दुसरी ड्युटी होती, म्हणून साहेब येण्याआधीच त्याला जावं लागलं. लास्ट पोस्ट, म्हणजे गेलेल्यांसाठीची बिगुलाची धून, वाजली ती साउंडवाल्याच्या मोबाईलवरून. मध्येच त्याला फोन आला आणि रिंगटोन सगळ्या स्पीकरवर घुमली. शोक शस्त्राच्या, म्हणजे शस्त्र उलटं धरून मानवंदना देण्याच्या, वेळी मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत काय होतं, ते ज्याने आपल्या कंपनीतला जोडीदार पेटीत घालून घरी पाठवलाय त्याला विचारा.

यानंतर भाषणं, सत्कार, शाल, श्रीफळ. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांच्या सौभाग्यवतींचा सत्कार, मंडप देणाऱ्याचा सत्कार, फ्लेक्स देणाऱ्याचा सत्कार. फ्लेक्सचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. वरच्या अर्ध्या भागात नेत्यांचे चेहरे, प्रत्येक गटाचा वेगळा, कुणाचा फोटो किती मोठा यावरून आदल्या रात्री भांडण. आणि ज्यांचा स्मृतिदिन ते आमचे जवान सगळ्यात खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढे. एकाचं नाव चुकलेलं. दुसरा महार रेजिमेंटचा, त्याच्या नावापुढे मराठा लाइट इन्फंट्री छापलेलं. त्याच्या भावाने ते पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला. बरोबर मजकूर आम्ही लेखी दिला होता. कुणी वाचला? नेत्याच्या नावात वेलांटी चुकली असती तर रात्री दोन वाजता दुसरा फ्लेक्स छापून आला असता.

आमच्या संघटनेत मराठा लाइट इन्फंट्रीचे आहेत, महार रेजिमेंटचे आहेत, तोफखान्याचे, बॉम्बे सॅपर्सचे (फौजेचे इंजिनिअर), ईएमईचे (फौजेची यंत्रं-गाड्या सांभाळणारे), नौदलातले दोघे-तिघे आहेत. कुणाचीही पलटण दुसऱ्यापेक्षा लहान नाही. चुकीची पलटण लिहिणं म्हणजे त्या माणसाने ज्यांच्याबरोबर घाम आणि रक्त गाळलं ती सगळी माणसं पुसून टाकणं. हे बाहेरच्यांना बारीक वाटतं. आम्हाला वाटत नाही.

16 डिसेंबरला तर कहरच झाला. 1971 च्या लढाईचा विजय दिवस. ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी आपल्या जनरल अरोरांसमोर शरणपत्रावर सही केली, सुमारे 93,000 जण शरण आले. हा आकडा प्रत्येक पुढारी भाषणात फेकतो. पण त्या लढाईत प्रत्यक्ष असलेला माणूस समोर बसलाय, त्याला कुणी विचारत नाही. आमच्या तालुक्यात आता एकाहत्तरचे मोजकेच राहिलेत, सगळे पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढे. त्यातले एक दादा जंगी पलटणीचे, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनचे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला होते. पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरने पत्र पाठवलं, त्याने उत्तराच्या पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. दुसऱ्या दिवशी रात्री ते लोक वेढा फोडून बाहेर पडायला निघाले आणि रस्त्यावर जंगी पलटण आडवी बसलेली होती. सकाळी, 11 डिसेंबरला, जमालपूर आपल्या हातात. हे सगळं त्या माणसाने डोळ्यांनी पाहिलंय. कुणाला काय लागलं, कोण कुणाच्या शेजारी होतं, डिसेंबरच्या त्या रात्री थंडी कशी होती, सगळं त्यांच्या जिभेवर आहे.

दादांनी आठवडाभर तयारी केली होती. सुनेकडून मुद्दे कागदावर लिहून घेतले होते. त्यांना माईक मिळाला तो दीड वाजता, पाहुणे तीन भाषणं करून निघून गेल्यावर, अर्धा मंडप रिकामा झाल्यावर. पत्राच्या गोष्टीपर्यंत पोचतायत तोच सूत्रसंचालकाने कानात सांगितलं, "वेळेअभावी थोडक्यात आवरा." दादांनी कागदाची घडी घातली, "जय हिंद" म्हणाले, बसले. समोरच्या शाळेच्या मुलांना जमालपूर म्हणजे काय ते कळलंच नाही. त्यांना कळलं ते साहेबांनी आणलेल्या रस्त्यांच्या कामांची यादी.

वेळेअभावी! मग पाहुण्यांच्या तीन भाषणांना वेळ कुठून आला?

वर्षभर हा स्तंभ कोण सांभाळतं तेही सांगतो. पावसाळ्यानंतर गवत आम्ही काढतो. पेन्शनमधून महिन्याला वर्गणी काढून रंग आम्ही देतो. रेलिंगला वाढदिवसाचे बॅनर बांधलेले असतात, ते सोडायला गेलं की पोरं अंगावर येतात. चौथऱ्याच्या कडेला दुचाक्या लावतात, पान खाऊन तिथेच थुंकतात. एका पोराला मी हटकलं तर म्हणाला, "आजोबा, तुमच्या बापाची जागा आहे का?" माझ्या बापाची नाही, पण ज्यांची नावं तिथे आहेत त्यांच्या बापांची नक्की आहे. नूतनीकरण झालं तेव्हा अनावरणासाठी अख्खा स्तंभ तिरंग्याने झाकून ठेवला होता. ध्वजसंहितेत स्पष्ट लिहिलंय की पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरायचा नाही. आम्ही तो काढून नीट घडी घातली आणि साधं पांढरं कापड लावलं, तर ठेकेदार आमच्यावरच चिडला की शो गेला.

आपल्या सातारा-कोल्हापूर-सांगलीच्या भागाला तरी हे सांगायची वेळ यायला नको होती. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे इथे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले. शिरोळकडे सैनिक टाकळी आहे. गावाच्या नावातच फौज असलेली माणसं आपण. कितीतरी गावांत 1914 ते 1919 च्या युद्धाला इथून किती गेले आणि किती परतले नाहीत याच्या संगमरवरी पाट्या आहेत. काही चावडीच्या भिंतीत, काही देवळाजवळ. त्यातल्या कितींवर आज चुना फासलाय आणि कितींच्या समोर पाण्याची टाकी बांधलीय ते एकदा फिरून बघा. पणजोबा मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेला हे घरात ऐकलेलं असतं, पण पाटीवरची धूळ पुसायला कुणी जात नाही.

आणि वीरपत्नींच्या शाली. एका बहिणीच्या घरी ट्रंकभर शाली आहेत, तिने मला उघडून दाखवल्या. दर वर्षी कुणीतरी खांद्यावर घालतो, हात जोडतो, फोटो काढतो. त्याच बहिणीच्या घरपट्टीचा कागद गावात अडकून पडलाय. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ करायचा निर्णय राज्यात 2020 साली झाला. तिच्याकडे सगळे दाखले आहेत, तरी तिला "पुढच्या मीटिंगमध्ये बघू" सांगतात. शाल घालणाऱ्यांपैकी एकानेही कधी विचारलं नाही की ताई, तुमचं काही काम अडलंय का. एक फोन केला असता तर झालं असतं. पण तो फोन करताना कॅमेरा नसतो.

सशस्त्र सेना ध्वज दिनाच्या निधीचीही तीच गत. 7 डिसेंबर, 1949 पासून पाळला जातो. तो पैसा युद्धविधवांसाठी, जखमी जवानांसाठी आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी असतो. पावतीपुस्तक घेऊन आम्ही बाजारपेठेत फिरलो. नेत्याच्या वाढदिवसाला पूर्ण पान जाहिरात देणारा दुकानदार आम्हाला म्हणतो, "उद्या या, मालक नाहीत." मालक गल्ल्यावरच बसलेला.

आमच्यातलेच काही म्हणतात, "पाहुण्याशिवाय कार्यक्रमाला माणसं येत नाहीत, पैसा येत नाही." कोण म्हणतं येत नाही? पुण्यात घोरपडीजवळ दक्षिण कमांडचं युद्धस्मारक उभं आहे, ते लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय. सामान्य माणसाने खिशात हात घातला म्हणून. आणि आपला 4 फेब्रुवारीचा मराठा दिन बघा. 1670 साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्याची आठवण म्हणून मराठा लाइट इन्फंट्रीत हा दिवस पाळतात. त्या दिवशी आम्ही कुणालाच बोलावत नाही. सकाळी ठरल्या वेळी जमतो, फुलं वाहतो, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" असा आवाज देतो, महारचे आणि तोफखान्याचे भाऊही त्यात आवाज मिसळतात, एकत्र मिसळपाव खातो आणि घरी जातो. वर्षातला हाच एक कार्यक्रम असा आहे की त्यानंतर मला रात्री नीट झोप लागते.

जेवढा राग त्या पाहुण्यांवर आहे तेवढाच आपल्यावरही आहे, हे संघटनेतल्या माझ्या भावांनी ऐकावं. वीस-वीस वर्षं नोकरी केली, सियाचीनला राहिलो, एलओसीवर रात्री काढल्या, आणि इथे एका पीएच्या फोनला घाबरून एका आईला पावसात उभी ठेवतो? आपल्याला कुणी ऑर्डर दिली होती थांबायची? कुणी नाही. आपण स्वतःहून थांबलो. पुढच्या वेळी कोणी थांबायला सांगितलं तर मी थांबणार नाही, एकटा असलो तरी साडेआठला सुरू करणार. संघटनेतून काढायचं तर काढा.

येत्या कार्यक्रमासाठी माझ्या मागण्या लेखी दिल्या आहेत. पत्रिकेवर कुणाचंही नाव नाही, फक्त जवानांची नावं, पलटणीसकट, घरच्यांकडून तपासून घेतलेली. पहिल्या रांगेत वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी. पहिलं पुष्पचक्र त्यांचं, नंतर कुणीही येऊ दे, आमदार असो की खासदार, रांगेत उभं राहून वाहू दे. मनापासून येणाऱ्याला मी स्वतः हाताला धरून आणीन. शाल-श्रीफळ बंद, ते पैसे दाखल्यांच्या आणि अर्जांच्या पाठपुराव्याला. एकाहत्तरच्या दादांना सगळ्यात आधी माईक आणि हवा तितका वेळ. मुलांना बसायला कोरड्या सतरंज्या.

ज्यांना हे पटतंय त्यांनी आदल्या दिवशी सकाळी सहाला स्तंभावर या. गवत काढायचंय, रेलिंगवरचे बॅनर सोडायचेत, नावांच्या अक्षरांत काळा रंग भरायचाय. खराटे आणि ब्रश आहेत, बादल्या कमी पडतील, घरून आणा.